घरातली सक्षम प्रौढ व्यक्ती

नाही, पण मला एक सांगा, 'नाही' म्हणायला या लोकांच्या बापाचं काय जातं हो? दोन अक्षरं! शिंकायला याहून जास्त कष्ट पडतात! मी म्हणते की नाही, पटकन निघतं माझ्या तोंडून, लहानपणापासून निघतं. आत्या सगळ्यांना सांगायची, "ही कार्टी जन्मल्यावर रडली नाही, थेट 'नाही' म्हणाली"... पण या इमारतीत चार मजले आहेत, दीडशे माणसं आहेत, आणि त्यातल्या एकाच्या तरी तोंडून... थांबा हं, एक मिनिट.

हॅलो? हो, मी आहे लाइनवर. धरून ठेवा.

तक्रारदार आहे फोनवर. पहिली! मी या खोलीत बसायला लागले त्याला चार महिने झाले, आणि चार महिन्यांतली ही पहिली तक्रार, आणि मी तिला काय सांगितलं? तर म्हणे, "धरून ठेवा, विचारून सांगते." विचारून सांगते! कोणाला विचारणार? खोलीत आहे कोण? मी, टेबल, फोन, कॉम्प्युटर, आणि तुम्ही. आणि तुम्ही म्हणजे... आता तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं कशाला बोलू, तुम्ही म्हणजे चोवीस खुर्च्या. तक्रारदारांसाठी मागवलेल्या. लोखंडी, चार-चार जोडलेल्या, सहा रांगा, वरचं प्लास्टिकसुद्धा अजून कोणी फाडलेलं नाही. पण तुम्हाला सांगते, चार महिने मी तुमच्याशी बोलतेय, आणि तुमच्यातल्या एकीनेही मला कधी 'प्रक्रियेत आहे' असं ऐकवलेलं नाही. एवढी सभ्यता या इमारतीत मला दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही. तेव्हा बसा. म्हणजे बसलेल्याच आहात. वीस मिनिटं आहेत आपल्याकडे. वीसच का, तेही सांगते, पण आधी मुळापासून ऐका, नाहीतर तुम्हीही मलाच दोष द्याल.

तर झालं असं, की जगातल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेने आपल्या देशाला एक पत्र पाठवलं. की बाबांनो, यंत्रं आता निर्णय घ्यायला लागलीत. नोकरी कोणाला द्यायची, दवाखान्यात आधी कोणाला बोलवायचं, कोणाचा अर्ज मंजूर, कोणाचा फेटाळला, सगळं यंत्रच ठरवतं. तर ही कृत्रिम बुद्धिमत्ता नीतीने वापरायला तुमचा देश तयार आहे का? सोबत प्रश्नावली. एकशे एकतीस प्रश्न. आणि प्रत्येक प्रश्नासमोर तीन चौकोन. आहे. नाही. आणि तिसरा, प्रक्रियेत आहे.

झालं! तो तिसरा चौकोन ज्याने काढला ना, तो माणूस मला एकदा भेटवाच. मारणार नाही मी त्याला. नुसतं या खोलीत आणून बसवीन, पहिल्या रांगेत, आणि म्हणीन, बसा, तुमचं काम प्रक्रियेत आहे!

मग समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर आमचे हळूहळू साहेब. त्यांना खरं नाव आहे हो, पण ते घेईपर्यंत ते 'हळूहळू होईल' म्हणून मोकळे झालेले असतात. तीन वेळा निवृत्त झालेत, आणि तिन्ही वेळा निरोपाचं भाषण एकच, शिपाईकाकांना पाठ आहे. समितीचं सरासरी वय चौसष्ट! आणि ते चौसष्टसुद्धा मी तेवीस वर्षांची मध्ये बसलेय म्हणून, मला काढलंत तर थेट सत्तरीला टेकेल. मी म्हणजे संशोधन साहाय्यक, कंत्राट अकरा महिन्यांचं, काम काय तर हिंडायचं, विचारायचं, लिहायचं, आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलून द्यायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेची समिती, आणि एकालाही स्वतःचा पासवर्ड बदलता येत नाही! नऊच्या नऊ जणांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत. आणि प्रश्न बारावा काय होता माहितेय? 'समिती स्वतःच्या माहितीची गुप्तता राखते का?' मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्या वहीकडे बघितलं. म्हणाले, "बाळ, लिही, प्रक्रियेत आहे."

बाळ! तेवीस वर्षांची, एमए झालेली बाई मी, आणि बाळ!

मग निघाले हिंडायला. फाइल काखेत, पेन कानावर. पहिल्या कार्यालयात गेले, विचारलं, यंत्र वापरण्याची नैतिक तत्त्वं तुमच्याकडे लेखी आहेत का? तिथले कारकून म्हणाले, "होती ना, त्या भिंतीवर लावलेली. रंगकाम चाललंय, म्हणून उतरवून ठेवलीत." कुठे ठेवलीत? "ते रंगाऱ्याला विचारायला लागेल." आता रंगाऱ्याला विचारलं, तर तो शिडीवरून म्हणतो, "ताई, एक पाटी होती खरी, तिच्यावरच डबा ठेवलाय मी." वाकून बघितलं, तर 'मानवी प्रतिष्ठा' एवढंच वाचता येत होतं, बाकी डब्याखाली. मी म्हटलं, मग काय लिहू? कारकून म्हणाले, "लिहा की, प्रक्रियेत आहे."

दुसऱ्या ठिकाणी, नोकरी केंद्रात, विचारलं, यंत्राने एखाद्याला नाकारलं तर का नाकारलं हे तुम्हाला समजावून सांगता येतं का? तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, आमच्या साहेबांनी का नाकारलं हे मला एकतीस वर्षांत समजलेलं नाही, आणि तू यंत्राचं काय घेऊन बसलीस?" मी म्हटलं, मग 'नाही' लिहू? तर त्या बाई अशा दचकल्या, अशा दचकल्या, जणू मी त्यांच्या टेबलावर पाल सोडली! "छे छे छे! 'नाही' नको. 'नाही' लिहिलं की वरून माणूस येतो विचारायला. 'आहे' लिहिलं की बघायला येतो. तू आपलं तिसऱ्यावर खूण कर. तिसऱ्यावर कोणी येत नाही."

कळलं? तिसऱ्यावर कोणी येत नाही! सगळा देश त्या तिसऱ्या चौकोनात लपून बसलाय, आणि मी एकटी बाहेर उभी राहून राज्य देतेय!

हॅलो? हो, हो, मी आहे. धरून ठेवा.

सतरा मिनिटं.

तर प्रश्न सत्त्याण्णव. हा नीट ऐका, याच्यासाठीच सगळं रामायण. 'यंत्राने अर्ज नाकारल्यास, अर्जदाराचं म्हणणं ऐकून घेणारा जिवंत माणूस उपलब्ध आहे का?' तुम्हाला सांगते, तोवर मी नव्वद-पंचाण्णव प्रश्न दात ओठ खात का होईना, लिहीत आले होते, प्रक्रियेत, प्रक्रियेत, प्रक्रियेत. पण सत्त्याण्णवाव्याला माझा हात थांबला. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात आत्याला पत्र आलं होतं.

आत्या म्हणजे माझी आत्या. मला वाढवलं ती. आई-बाबा मी चार वर्षांची असताना गेले. त्यांचं असू दे, ती गोष्ट आज नको. तर आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्या काळी, जेव्हा परगावी फोन लावायचा म्हणजे आधी ऑपरेटरला सांगून ताटकळत बसावं लागायचं. लोक तासन्‌तास रिसीव्हर कानाला लावून बसायचे. आणि एक्स्चेंजमधला नियम असा, की माणूस लाइनवर ताटकळत असेल, तर दर अर्ध्या मिनिटाला त्याच्याशी बोलायचं. लाइन लागो न लागो. "मी आहे लाइनवर, धरून ठेवा." एवढंच. आत्या म्हणायची, "अगं, माणूस तासभर थांबतो. पण पलीकडे कोणी आहे की नाही हे कळलं नाही, तर दोन मिनिटांत रिसीव्हर आपटतो." घरातही तेच! मी न्हाणीघरात आंघोळीला, ही बाहेरून, "पाणी तापतंय, मी आहे, थांब." माझा ताप उतरत नव्हता तेव्हा रात्रभर दर थोड्या वेळाने, "मी आहे गं." मला राग यायचा. अरे झोपू दे की! आहेस ते कळलं!

आता ही सहा तासांवर, त्या घरात, एकटी. मला शिकायला तिनेच पाठवलं. मीच म्हणत होते इथेच कुठेतरी बघते काम, तर ओरडली, "इथे राहून काय करशील, माझ्यासारखी खुर्चीला चिकटशील?" मग मी आले, ती राहिली. आणि सात महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टर म्हणाले, सकाळी-संध्याकाळी घरात मदतीला कोणीतरी पाहिजेच. सरकारची योजना आहे, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला रोज चार तास मदतनीस मिळते. मी म्हटलं तोवर खाजगी बाई बघूया, तर आत्या म्हणे, "का? माझ्या हक्काची मिळणार असताना?" हिचा हक्क! बरं, अर्ज केला. यंत्राने तपासला. चार सेकंदांत उत्तर आलं. चार सेकंदांत! या देशात जे एकच काम चार सेकंदांत होतं, ते म्हणजे नकार देणं.

'आपल्या घरात एक सक्षम प्रौढ व्यक्ती राहत असल्याने अर्ज नामंजूर.'

सक्षम प्रौढ व्यक्ती! कोण? मी!

मी सक्षम! इथे भाड्याच्या खोलीत राहते, खिडकी उघडली की कपाटाचं दार उघडत नाही, कपाट उघडलं की मला पलंगावर चढून उभं राहावं लागतं. कुकरची शिट्टी झाली की शेजारची भिंत ठोकते. रविवारी कोणाशी बोलले नाही तर सोमवारी सकाळी घसा खाकरून बघावा लागतो, आवाज आहे ना म्हणून. ही सक्षम व्यक्ती! पण माझं नाव त्या घराच्या नोंदीत आहे ना, चार वर्षांची असल्यापासून. यंत्राने बघितलं, घरात दोन नावं, एक मोडलेली, एक धडधाकट, मग काय पाहिजे?

मी म्हटलं, सोपं आहे. माझं नाव काढून टाकू. अर्ज मी भरायचा, पण घरमालकिणीची संमती लागते. तिच्या फोनवर एक आकडा येतो, तो तिने मला सांगायचा, मी तो घालायचा, संपलं. मी फोन केला. "आत्या, आकडा आला असेल, सांग."

"कसला आकडा?"

"अगं, माझं नाव घरातून काढायचंय."

तुम्हाला सांगते, लाइनवर अशी शांतता झाली, की मलाच 'हॅलो, मी आहे' म्हणायला लागलं.

"कोणाच्या घरातून?" आत्या म्हणाली.

"अगं, नुसतं कागदावरून!"

"कागदावरूनच सुरू होतं सगळं. तुला आणलं तेव्हा तीन कचेऱ्या हिंडून ते नाव चढवलंय मी. अमुक साहेब म्हणाला, तुम्ही एकट्या बाई, मूल कशाला? मी त्याच्या टेबलासमोर दोन दिवस बसून राहिले. ते नाव काढायचं? एका बाईने चार तास येऊन माझी भांडी घासावीत म्हणून?"

"मग काय करणारेस?"

"मी नाही घासत भांडी. एकाच ताटात जेवते."

आता या म्हाताऱ्या माणसांना काय म्हणावं? भावना, भावना! इथे खुबा मोडलाय आणि ही बाई भावनांवर चालतेय! मी ओरडले, ती ओरडली, दर रविवारी आमचं हेच. "आकडा दे." "नाही देत." "अगं दे!" "तुझी खोली झाडून ठेवलीय." "मला खोली नकोय, तुला बाई हवीय!" "तू ये की मग." "माझं कंत्राट आहे!" "मग असू दे."

तरी मी म्हटलं, आधी दाद मागून बघू, या योजनेच्या कार्यालयात कोणीतरी माणूस असेल, त्याला समजावू, की बाबा रे, नाव आहे पण माणूस नाही. फोन लावला. यंत्राने उचलला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' चाळीस मिनिटं महत्त्वाचा होता. मग कट झाला. सात दिवस, सात वेळा. मग प्रत्यक्ष गेले. खिडकीवर यंत्र. आत शिपाई. मी म्हटलं, काका, माणूस कुठे भेटेल? ते म्हणाले, "मी आहे की." मी म्हटलं, निर्णय घेणारा! तर म्हणे, "मग नाही."

बघा! अख्ख्या देशात एकच माणूस मला सरळ 'नाही' म्हणाला, तो शिपाई होता! पाया पडले असते मी त्याच्या!

आणि आठव्या दिवशी समोर प्रश्न सत्त्याण्णव. जिवंत माणूस उपलब्ध आहे का? मी दुसऱ्या चौकोनावर अशी खूण केली, अशी खूण केली, की पेन कागदातून आरपार गेलं आणि अठ्ठ्याण्णवाव्यावरही 'नाही' उमटलं!

हळूहळू साहेबांनी तो कागद उजेडात धरला. भोकातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बाळ, हे काय?"

"उत्तर आहे सर."

"'नाही' बरं दिसत नाही गं. परदेशात जाणार हे. आपण आपल्या घरचं असं..."

"सर, एक माणूस दाखवा. एक! मी खोडते."

"हळूहळू होईल."

"माझी आत्या हळूहळूच चालतेय सर, काठी घेऊन. माणूस दाखवा."

साहेबांनी कागद खाली ठेवला. मला वाटलं, जिंकले! काय माझा आनंद, घरी येऊन शेजारच्या भिंतीला मीच दोन टकटक केल्या. आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर आदेश. 'मानवी दाद अधिकारी' म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. म्हणजे कोण? मीच! त्यांना सत्त्याण्णवाव्या प्रश्नासाठी एक जिवंत माणूस हवा होता, आणि अख्ख्या इमारतीत जिवंत असल्याची तक्रार फक्त माझ्याबद्दल होती!

तरी मी खूश! मी म्हटलं, चला, आता आत्याचं प्रकरण पहिलं. पण या खोलीचे नियम लिहायचं कामही माझ्याकडेच दिलं होतं, आणि मी, तत्त्वाची बाई, कॉलेजात वादविवादात पहिली येणारी, नियम चौथा काय लिहिला असेल? 'अधिकाऱ्याने स्वतःच्या नातेवाइकांच्या प्रकरणात निर्णय देऊ नये.' स्वतःच्या हातांनी! ठळक अक्षरांत! साहेबांनी एवढ्या एकाच नियमावर सही केली, तीही लगेच, हळूहळू नाही!

मग मी म्हटलं, असू दे, बाकीच्यांचं तर ऐकू. किती आत्या असतील देशात! चोवीस खुर्च्या मागवल्या. फोन बसवला. सकाळी दहाला येऊन बसले. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी कोणी नाही. आठ दिवसांनी खाली जाऊन विचारलं, आपला फोन नंबर लोकांना कळवलाय ना? तर म्हणे, नंबर जाहीर करायला तीन सह्या लागतात, दोन झाल्यात, तिसरे गृहस्थ रजेवर. मग नंबर कधी जाहीर होणार?

बोला. बोला की सगळ्या मिळून, पाठ झालं असेल आता.

प्रक्रियेत आहे!

हॅलो? हो, मी आहे, मी आहे लाइनवर. धरून ठेवा.

आठ मिनिटं.

तर नंबर फक्त मला माहीत. आणि मी कोणाला तरी द्यावा म्हणून आत्याला दिला होता. नुसताच. लिहून ठेव म्हटलं. आणि आज, आत्ता, पंधरा-वीस मिनिटांपूर्वी, हा वाजला. मी दचकून उभीच राहिले. चार महिन्यांत याचा आवाज मी ऐकलाच नव्हता, मला वाटलं आग लागली.

"नमस्कार, दाद कक्ष का? तक्रार नोंदवायची आहे." तो आवाज! एक्स्चेंजमधला, इस्त्री केलेला!

"आत्या? अगं, तू..."

"आत्याबित्या नंतर. आधी लिहून घ्या. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या घरात एक सक्षम प्रौढ व्यक्ती राहते. मी सकाळपासून शोधतेय. स्वयंपाकघरात नाही. गच्चीत नाही. तिच्या खोलीत नाही. पलंगाखाली बघता येत नाही, वाकायला डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा तुम्हीच शोधून द्या."

मी हसले हो! पोट धरून हसले, या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं, भिंतींनाही कळेना काय करावं. आणि मी हसत असतानाच ती म्हणाली, तो इस्त्रीचा आवाज काढून ठेवून, साध्या आवाजात म्हणाली...

"काल दुपारी खुर्चीत बसले आणि उठताच आलं नाही गं. दोन वाजता बसले, ते सहाला शेजारीण किल्ली द्यायला आली तेव्हा उठले. समोर फोन वाजत होता. तीनदा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर फोन वाजला आणि मी घेतला नाही."

तीनदा. काल रविवार होता. तो फोन मी करत होते. तीनदा वाजून थांबला आणि मी काय म्हटलं माहितेय? "रुसली असेल. म्हातारी माणसं!" आणि मोबाइल उशीखाली टाकून झोपले. सक्षम प्रौढ व्यक्ती!

"तुझंच बरोबर आहे," आत्या म्हणाली. "काढ नाव. आकडा मागव, सांगते."

मी कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. आकडा तिच्या मोबाइलवर गेला. तिने वाचला, जुन्या सवयीने, एकेक अंक सुटा सुटा, दोनदा. "सात. शून्य. शून्य. चार. दोन. नऊ. परत सांगते. सात. शून्य..." आकडा वीस मिनिटं चालतो, तेवढ्यात अर्ज पुरा करायचा. मी घातला. आणि यंत्राने शेवटचा प्रश्न विचारला. एकच.

'सदर व्यक्ती या घरी पुन्हा राहायला येणार आहे का?'

खाली तीन चौकोन.

आणि बारीक अक्षरांत सूचना. 'आहे' असल्यास अर्ज नामंजूर. 'प्रक्रियेत' असल्यास अर्ज राखून ठेवण्यात येईल. 'नाही' असल्यासच पुढील कार्यवाही.

आता मला सांगा. सगळ्या देशाला चार महिने मी शिव्या देतेय ना, की 'नाही' म्हणायला तुमचं काय जातं? दोन अक्षरं आहेत म्हणून? माउस त्या चौकोनावर नेऊन ठेवलाय, आणि दाबत नाही मी. आत्या तिकडून म्हणाली, "झालं का गं?" आणि मी, तिच्या हाताखाली वाढलेली मी, तिला म्हटलं, "धरून ठेवा, विचारून सांगते." ठेवा! तिला! अहोजाहो! तिला कळलं असेल. लाइनवरचा माणूस कधी अडकतो हे तिला श्वासावरून कळतं.

तिसऱ्यावर खूण केली तर? राखून ठेवतील. माझं नाव राहील, खोली झाडलेली राहील, आणि ती खुर्चीत बसून राहील, दोन ते सहा. तिसऱ्यावर कोणी येत नाही. ती नोकरी केंद्रातली बाई बरोबर म्हणत होती, आणि मी तिला मनात भित्री म्हटलं होतं. सॉरी बाई.

दोन मिनिटं. काही बोला ना! एकीने तरी!

...बरं. नका बोलू. तुमचा काय दोष, तुम्ही लोखंडी.

केलं. 'नाही'. दाबलं. किती हळू दाबलं माहितेय? माउसचा टिक आवाजसुद्धा झाला नाही. कागद असता तर खूण दिसलीही नसती. पण केलं! ऐका, हळूहळू साहेब, ऐका सगळा देश, एकशे एकतीस प्रश्नांत या देशात पहिल्यांदा कोणीतरी 'नाही' लिहिलं आणि ते कोणी खोडलं नाही! मी लिहिलं! मी त्या घरी परत राहायला येणार...

थांबा, यंत्राचं काहीतरी येतंय. गोल गोल फिरतंय. आलं.

'आपले उत्तर मिळाले. धन्यवाद. आपली विनंती...'

हॅलो? आत्या? हो, भरला. हो, 'नाही'च लिहिलं. मग काय म्हणतंय म्हणजे... अगं, म्हणतंय, प्रक्रियेत आहे.

नाही, किती दिवस ते लिहिलेलं नाही. नाही गं, विचारायचं कोणाला? दाद कक्षालाच विचारायचं. हो. मलाच.

ऐकलंत? काय म्हणतेय ऐकलंत का? म्हणतेय, "बरं. मला कुठे जायचंय? मी धरून ठेवते. तू आपली मधेमधे बोलत जा."

साडेचार झाले. सहाला शिपाईकाका कुलूप लावायला येतील.

हॅलो? हो आत्या. मी आहे लाइनवर. धरून ठेव.